माळ्यावरचा बॉक्स नक्की कोणाचा?

आज घरी गेलात की एक काम करा. माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या कप्प्यात हात घालून बघा. एखादा जुना सेट-टॉप बॉक्स नक्की सापडेल. आमच्या खडकवासल्याच्या घरात तीन आहेत. तिन्हींचे पैसे भरलेले आहेत, वायर जोडली तर तिन्हींचा दिवा लागतो, आणि तिन्हींवर एकही चॅनेल दिसत नाही. केबलवाला बदलला, मग डिश घेतली, मग परत केबल. दर वेळी टीव्ही तोच राहिला, बॉक्स मात्र नवा घ्यावा लागला.

संशोधनाचा विषय शोधताना आपण लांब बघतो. मला माझा प्रश्न या माळ्यावर सापडला: विकत घेतलेली वस्तू आपल्या घरात असूनही आपली का नसते? आज त्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगतो, आणि त्या निमित्ताने इतिहासाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतील अशा दोन-तीन सवयीही.

पहिली सवय म्हणजे शब्द वेगळे करणं. सरकारी कागदांत ‘ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य’ हे शब्द वारंवार येतात. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. पण निवड आणि ताबा या दोन गोष्टी आहेत. समोरच्या यादीतून काय घ्यायचं हे ठरवणं म्हणजे निवड. ती यादी कोण बनवतं, कोण बदलतं आणि कोण बंद करू शकतं, हा ताब्याचा प्रश्न. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या घरातल्या पडद्याचं काय झालं ते या दोन शब्दांनी तपासून बघू.

अ‍ॅनालॉग केबलचे दिवस

१९९१ मध्ये आखाती युद्ध आणि मग स्टार टीव्ही, १९९२ मध्ये झी. सगळ्या देशात गच्चीवर मोठ्या छत्र्या आल्या आणि तिथून काळ्या वायरी झाडांवरून, खांबांवरून घराघरांत गेल्या. कायदा नंतर आला: केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा, १९९५.

या काळात निवड जवळजवळ नव्हती. केबलवाला जे सोडेल ते बघायचं आणि महिन्याला तो सांगेल तेवढे पैसे द्यायचे. पण वायर घरात आली की पुढचं तुमच्या हातात होतं. दुकानातून आणलेला कुठलाही टीव्ही चालायचा. कुठलं चॅनेल कितव्या नंबरवर हे घरात ठरायचं. व्हीसीआर असेल तर रेकॉर्ड करा. दोन टीव्ही असतील तर वायर फाडून दुसऱ्या खोलीत न्या.

याला सुवर्णकाळ म्हणायची घाई करू नका. इथे वेगळा घोळ होता. कुठल्या घरात काय बघितलं जातं, मुळात किती घरांत वायर गेली आहे, हे वरच्या कोणालाच कळत नव्हतं. केबलवाला पाचशे घरांना जोडणी देऊन शंभरच दाखवू शकत होता. चॅनेलवाल्यांचे पैसे बुडायचे, सरकारचं करमणूक शुल्क बुडायचं, आणि त्या बदल्यात चॅनेलवाले दर वाढवायचे. म्हणजे प्रत्येक घर मोजता यावं ही मागणी आधी उद्योगाची आणि सरकारची होती. ‘ग्राहकाची निवड’ हे तिचं दुसरं नाव. दोन्ही हेतू खरे होते, पण कुठला आधी होता हे विसरलं की पुढचा इतिहास कळत नाही.

सिंहगड रस्त्यावरची रेषा

पहिला प्रयत्न कॅस नावाने झाला. २००२ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती झाली. चेन्नईत २००३ मध्ये सुरुवात झाली. मुंबईत, तीही दक्षिणेकडच्या ठरावीक भागात, २००६ च्या अखेरीस कॅस आलं. ट्रायने ठरवलेले दर असे होते: किमान ३० मोफत चॅनेलसाठी ७७ रुपये, आणि सशुल्क चॅनेल प्रत्येकी जास्तीत जास्त ५ रुपये. पुणं या यादीत नव्हतं.

पुण्याचा नंबर लागला तो डिजिटायझेशनमध्ये. २०११ च्या दुरुस्तीनंतर देशाचे चार टप्पे पाडले गेले. पहिल्यात महानगरं. दुसऱ्यात पुण्यासह ३८ शहरं, मुदत ३१ मार्च २०१३. तिसऱ्यात उरलेली नागरी गावं. चौथ्यात ‘उर्वरित भारत’.

आता नकाशा उघडा. २०१३ मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत नव्हतं. स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने निघालात की वडगाव बुद्रुकपर्यंत महापालिका, आणि पुढे नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या ग्रामपंचायती. म्हणजे कागदावर वडगावचं घर दुसऱ्या टप्प्यात आणि काही किलोमीटरवरचं धरणाशेजारचं घर चौथ्यात, ‘उर्वरित भारता’त. चौथ्या टप्प्याची मुदत आधी २०१४ ची अखेर होती, मग २०१६ ची अखेर, आणि शेवटी ३१ मार्च २०१७. एकाच रस्त्यावर, एकाच बसच्या मार्गावर, कायद्याने बरोबर चार वर्षांचं अंतर. खडकवासला महापालिकेत आलं ते २०२१ मध्ये, २३ गावांबरोबर.

इथे तुमच्यासाठी दुसरी सवय: अधिसूचना वाचताना शेजारी हद्दीचा नकाशा ठेवा, आणि नकाशा त्याच वर्षीचा असू द्या. आजच्या नकाशावर २०१३ चा कायदा वाचलात तर खडकवासला शहरात दिसेल आणि तुमचा निष्कर्ष चुकेल. आणि एवढ्यावर थांबू नका. हद्दीची रेषा कागदावर असते, केबलची वायर ती पाळतेच असं नाही. नियंत्रण कक्ष शहरात आणि घर गावात असेल तर मुदतीआधीही बॉक्स येऊ शकतो. तो कधी आला ते राजपत्रात सापडणार नाही. ते जुन्या पावत्यांत, केबल चालकाच्या वहीत आणि लोकांच्या आठवणीत शोधावं लागतं.

बॉक्सच्या आत काय आहे

सेट-टॉप बॉक्सला आपण टीव्हीचा एक भाग समजतो. खरं तर तो संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, सॉफ्टवेअर आहे. अनेक घरांत तो पहिला संगणक होता, फक्त त्याला कोणी संगणक म्हटलं नाही.

त्याचं काम असं चालतं. नियंत्रण कक्षातून प्रत्येक सशुल्क चॅनेल कुलूप लावून पाठवलं जातं. कुलपाची किल्ली काही सेकंदांनी बदलत राहते आणि ती किल्लीही सांकेतिक रूपात त्याच वायरीतून येते. तुमच्या बॉक्सला, किंवा त्यातल्या कार्डाला, ती किल्ली उलगडायची परवानगी आहे की नाही, याचा निरोप वेगळा येतो. महिन्याचे पैसे संपले की परवानगी थांबते. कोणाला घरी येऊन वायर कापावी लागत नाही. आणि या कुलपांची पद्धत कंपनीगणिक वेगळी असल्याने एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. आमच्या माळ्यावरच्या तीन बॉक्सचं रहस्य एवढंच.

मोबाइलशी तुलना करून बघा. फोनमधलं सिम काढून दुसऱ्या कंपनीचं घाला, फोन चालतो. जानेवारी २०११ पासून तर देशभर नंबरही तोच ठेवून कंपनी बदलता येते. म्हणजे तंत्रज्ञानात अशक्य असं काही नव्हतं. बॉक्सही कुठल्याही कंपनीला चालावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली, पण तोपर्यंत देशभरात कोट्यवधी बॉक्स लागून गेले होते. एखादी गोष्ट आधी कुलूपबंद होऊ देऊन नंतर मोकळी करणं किती अवघड असतं, याचं हे उदाहरण आहे.

१ फेब्रुवारी २०१९

आता निवडीचा सगळ्यात मोठा प्रयोग. ट्रायचा नवा दर आदेश मार्च २०१७ चा. तो न्यायालयात अडकला. ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ट्रायच्या बाजूने निकाल दिला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून अंमल सुरू झाला. पहिल्या १०० चॅनेलसाठी १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यावर तुम्हाला हवी ती सशुल्क चॅनेल एकेक करून घ्या. प्रत्येकाची किंमत जाहीर.

कागदावर याहून चांगली निवड कुठली? पण एक कलम बघा. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त नको, असा नियम होता. अनेक लोकप्रिय चॅनेलनी नेमकी १९ हीच किंमत लावली. पॅकवर १५ टक्क्यांहून जास्त सवलत देऊ नये अशीही अट होती, पण ती मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही. मग सुटं चॅनेल महाग आणि पॅक स्वस्त. ट्रायनेच ऑगस्ट २०१९ च्या चर्चापत्रात नोंदवलं की पॅकवर ७० टक्क्यांपर्यंत सवलत दिली जात आहे. सुटी चार चॅनेल घेण्याच्या पैशात दहा-बारा चॅनेलचं पॅक येत असेल तर शहाणा माणूस काय करेल? पॅकच घेईल. निवडीचा हक्क शाबूत, पण निवडून काही उपयोग नाही. जानेवारी २०२० मध्ये ट्रायने ती मर्यादा १२ रुपयांवर आणली. पुन्हा न्यायालय. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा परत १९ वर गेली.

मग फेब्रुवारी २०२३. नव्या दरांच्या करारांवर सह्या केल्या नाहीत म्हणून मोठ्या प्रसारण समूहांनी काही केबल कंपन्यांचं प्रक्षेपण काही दिवस थांबवलं. ज्या घरांत पैसे वेळेवर भरलेले होते, चॅनेल रीतसर निवडलेली होती, तिथेही पडदा काळा. भांडण दोन कंपन्यांचं होतं. ग्राहक त्यात पक्षकारही नव्हता.

कागदावरचा ग्राहक आणि घरातली माणसं

आता जी गोष्ट मला कुठल्याही आदेशात सापडली नाही ती सांगतो.

२०१९ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे केबलवाल्याचा मुलगा छापील फॉर्म घेऊन आला. शंभरेक नावं, प्रत्येकापुढे किंमत आणि चौकट. फॉर्म बाबांनी भरला, कारण जोडणी त्यांच्या नावावर. मी शेजारी बसून बेरीज केली. आजी आतल्या खोलीत होती. दिवसातले पाच-सहा तास टीव्ही बघणारी घरात ती एकटी. तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला चॅनेलचं नाव सांगता आलं नसतं. तिच्यासाठी ते ‘खालून दुसरं बटण दोनदा’ असं होतं, आणि सकाळी तिथे कीर्तन लागायचं. नवी यादी लागू झाली, नंबर बदलले, कीर्तन गेलं. ती दोन-तीन दिवस बटण दाबत राहिली आणि मग म्हणाली, “बिघडलाय वाटतं टीव्ही.” आम्हाला कळायला आठवडा लागला. चॅनेल मोफत होतं, फक्त आम्ही भरलेल्या शंभरांत नव्हतं.

ही चूक कंपनीची नाही, ट्रायची नाही. आमची आहे. पण संशोधक म्हणून मला त्यातून एक गोष्ट दिसली. सगळ्या आदेशांत ‘ग्राहक’ म्हणजे एक नाव, एक जोडणी. घरात मात्र एका टीव्हीपुढे चार-पाच माणसं असतात आणि निवडीचा फॉर्म, किंवा आता मोबाइलमधलं अ‍ॅप, एकाच्याच हातात असतं. नियंत्रण कक्षापासून घरापर्यंत ताबा कसा सरकला हे मी लिहीत होतो. घराच्या आत तो कोणाकडून कोणाकडे गेला हे बघायचं राहूनच गेलं होतं. अ‍ॅनालॉगच्या दिवसांत रिमोट ज्याच्या हातात त्याचा ताबा. तो दुपारी आजीकडेच असायचा.

म्हणून तिसरी सवय. कुठल्याही धोरणाचा इतिहास लिहिताना तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यादी कोण करतं? बंद कोण करू शकतं? आणि ज्याच्यासाठी हे सगळं आहे म्हणतात, त्याला विचारलं कोणी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं राजपत्र, ट्रायची चर्चापत्रं, त्यांवर कंपन्यांनी आणि ग्राहक संघटनांनी दिलेली मतं आणि न्यायालयांचे निकाल यांत मिळतात. ही सगळी साधनं खुली आहेत, फुकट आहेत, आणि आपल्याकडे फार कमी लोक ती वाचतात. तिसऱ्यासाठी माणसांकडे जावं लागतं.

आता स्मार्ट टीव्ही आलाय. त्यावर खातं कोणाच्या नावाने उघडलंय, पासवर्ड कोणाला माहीत आहे, कुठली अ‍ॅप आधीपासून घालून दिली आहेत आणि कुठली काढता येत नाहीत, हे घरी बघून ठेवा. दहा वर्षांनी कोणीतरी याचाही इतिहास लिहिणार आहे आणि तेव्हा पावत्या मिळणार नाहीत. माळ्यावरचा बॉक्स भंगारात द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण आधी त्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा, घेतल्याचं वर्ष आणि किंमत विचारून लिहून ठेवा. आणि घरात जो सगळ्यात जास्त टीव्ही बघतो, त्याच्यापासूनच विचारायला सुरुवात करा.