नाथांची पाठशुद्धि

पूजेंतील पोथी तपासणें हा तिचा अवमान होय, असें मानणारे भाविक पुष्कळ आहेत. आणि पोथी तपासली कीं श्रद्धा संपली, असें समजणारे चिकित्सकही आहेत. उभय पक्षांनीं एकनाथांचें उदाहरण पहावें.

ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें सिद्ध झाली. पुढें नकलकारांच्या हातून तींत पाठभेद शिरले. नाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ती शुद्ध केली, आणि तींत कोणीं पदरची ओवी घालूं नये असें बजावलें. ज्ञानदेवांच्या ठायीं नाथांची निष्ठा निःसंशय होती. म्हणूनच ज्ञानदेवांचे शब्द कोणते व नकलकारांचे कोणते, हा विवेक त्यांस अगत्याचा वाटला.

तथापि नाथांची प्रत म्हणजे मूळ प्रत नव्हे. मध्यें २९४ वर्षांचें अंतर आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०९ सालीं, त्यांच्या मतें नाथपूर्व असलेली प्रत छापली. तिचें प्राचीनत्वही पुराव्यानेंच ठरावयाचें, राजवाड्यांच्या नांवानें नव्हे.

ग्रंथाचा अर्थ भावानें घ्यावा, अक्षर मात्र पुराव्यानें ठरवावें, असें आम्हांस वाटतें. देव्हाऱ्यांत कसरीच्या स्वाधीन झालेली पोथी भक्तीस व इतिहासास सारखीच अंतरते.