रोज सात तास व्यायाम करूनही वजन परत का आलं? समजून घ्या कॅलरीचं खरं गणित

डिसेंबर २००९. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या टीव्ही शोच्या आठव्या सीझनचा शेवटचा भाग. डॅनी केहिल नावाचे स्पर्धक वजनकाट्यावर उभे राहतात. सात महिन्यांपूर्वी ते १९५ किलोंचे होते. आता काटा ८७ किलोंच्या आसपास थांबतो. म्हणजे तब्बल १०८ किलो गायब! तोपर्यंत या शोमध्ये एवढं वजन कुणीच घटवलं नव्हतं. टाळ्या, कागदी फुलांचा वर्षाव, विजेत्याची ट्रॉफी, सगळं झालं.

सहा वर्षांनी हेच केहिल पुन्हा १३४ किलोंवर होते.

असं काही ऐकलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. 'सुटला असेल खाण्यावर', 'व्यायाम सोडला की असंच होणार'. कमेंट बॉक्समध्ये तर हमखास. पण केहिल यांच्यासोबत त्या सीझनमध्ये असलेल्या स्पर्धकांचा शास्त्रज्ञांनी सहा वर्षं माग ठेवला, तेव्हा वेगळंच काहीतरी समोर आलं.

आधी हा शो काय होता ते पाहू. २००४ मध्ये एनबीसी वाहिनीवर तो सुरू झाला. लठ्ठ स्पर्धकांना घरापासून लांब एका ठिकाणी ठेवायचं, खाणं अगदी कमी करायचं, ट्रेनरच्या देखरेखीखाली घाम गाळायला लावायचा आणि दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर वजन करायचं. केहिल यांनी नंतर सांगितल्यानुसार तिथे दिवसाला सात सात तास व्यायाम चालायचा. भारतातही त्याची आवृत्ती आली होती. सुनील शेट्टी सूत्रसंचालक असलेला 'बिगेस्ट लूजर जीतेगा' काहींना आठवत असेल.

शोमागचा विचार सरळ होता. खाल्लेल्या कॅलरींपेक्षा खर्च केलेल्या कॅलरी जास्त असल्या की वजन उतरतं. हा विचार चुकीचा नाही. गडबड आहे ती त्यावर लोक जे गणित मांडतात त्यात.

वडापाव सोडला तर वर्षात १२ किलो?

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, हा आकडा तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये ऐकलाच असेल. तो मुळात मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ मध्ये मांडलेल्या हिशेबातून आला. त्यांनी एका पौंडाला ३,५०० कॅलरी धरल्या होत्या. चरबीत साठलेल्या ऊर्जेचा अंदाज म्हणून हा आकडा ठीकच आहे.

आता हे गणित पुढे नेऊन पाहा. समजा, एक माणूस रोज संध्याकाळी एक वडापाव खातो आणि तो खाणं बंद करतो. वडापावात २५० कॅलरी धरू. वर्षाच्या झाल्या ९१,२५०. भागिले ७,७००. उत्तर आलं जवळपास १२ किलो. दुसऱ्या वर्षी आणखी १२, तिसऱ्या वर्षी आणखी १२. या हिशेबाने ७० किलोंचा माणूस सहा वर्षांत दिसेनासाच व्हायला हवा!

तसं होत नाही, कारण वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. लहान शरीराला चालायला, उभं राहायला, नुसतं जिवंत राहायलाही कमी ऊर्जा लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सुधारित हिशेब मांडला. रोजच्या खाण्यातून कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या, तर वजन शेवटी साधारण एक किलोने कमी होऊन तिथेच स्थिरावतं. त्यातली निम्मी घट पहिल्या वर्षात होते आणि जवळपास सगळी व्हायला तीन वर्षं लागतात.

म्हणजे आपल्या वडापाववाल्याचं वजन एकूण १० किलोंच्या आसपास घटेल. पहिल्या वर्षी पाचेक किलो. दोन-तीन महिने चांगलं उतरणारं वजन पुढे मंदावतं त्यामागे हेही एक मोठं कारण असतं. डाएट 'फेल' गेलं असं समजून बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात.

स्पर्धकांच्या शरीरात नेमकं काय झालं?

आता पुन्हा केहिल यांच्याकडे येऊ. आपण दिवसभर जी ऊर्जा खर्च करतो, तिचा निम्म्याहून मोठा वाटा काहीच न करता खर्च होतो. हृदय चालतं, श्वास चालतो, मेंदू आणि यकृत काम करत असतात. याला विश्रांतीचा ऊर्जाखर्च म्हणता येईल. जिमवाले ज्याला 'मेटाबॉलिझम' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

हॉल यांच्या टीमने आठव्या सीझनच्या १४ स्पर्धकांचा हा खर्च तीनदा मोजला. शो सुरू होताना, ३० आठवड्यांनी शो संपताना आणि त्यानंतर सहा वर्षांनी. सुरुवातीला त्यांचं सरासरी वजन सुमारे १४९ किलो होतं आणि विश्रांतीचा खर्च दिवसाला २,६०७ कॅलरी. शो संपला तेव्हा वजन ९१ किलोंवर आलं आणि खर्च १,९९६ वर. इथपर्यंत कुणाला फार नवल वाटलं नसतं.

धक्का सहा वर्षांनी बसला. सरासरी ४१ किलो वजन परत आलं होतं. त्याबरोबर खर्चही वाढायला हवा होता. पण तो आणखी घटून १,९०३ झाला होता. तेवढ्याच वजनाच्या, तेवढ्याच वयाच्या माणसाकडून जो खर्च अपेक्षित असतो, त्यापेक्षा या स्पर्धकांचा खर्च दिवसाला सरासरी ५०० कॅलरींनी कमी होता. केहिल यांच्याबाबतीत हा फरक ८०० कॅलरींचा होता. शेजारी बसलेल्या तेवढ्याच वजनाच्या माणसाइतकं ते जेवले असते तरी त्यांचं वजन वाढलं असतं.

दुसऱ्या बाजूला भूक. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात. साठा पुरेसा आहे, हे मेंदूला त्यातून कळतं. शो संपताना स्पर्धकांच्या रक्तातलं लेप्टिन जवळपास तळाला गेलं होतं आणि सहा वर्षांनीही ते मूळ पातळीवर पोहोचलं नव्हतं. खर्च कमी आणि भूक जास्त. अशा वेळी इच्छाशक्तीवरून कुणाला टोमणे मारणं सोपं असतं.

शरीराचं हे वागणं नवं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. उपासमारीतून आलेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. तरुण स्वतःहून सहभागी झाले होते. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचं जेवण आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं, असा नेम होता. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्श्याने घटलं. पण ते सतत थंडीने कुडकुडायचे, चिडचिड करायचे, दिवसभर खाण्याचाच विचार करायचे. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले होते.

हे तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे लठ्ठ माणसाशी त्यांची थेट तुलना नको. तरी १,५७० हा आकडा लक्षात ठेवा. आज सोशल मीडियावर '१,२०० कॅलरी डाएट' किती सहज वाटलं जातं!

मग व्यायामाचं काय?

मनगटावरचं घड्याळ सांगतं, एक तास चाललात, २४५ कॅलरी खर्च झाल्या. ७० किलोंच्या माणसाने ताशी पाच किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चालल्यास हा आकडा बरोबर आहे. पण त्यातल्या ७० कॅलरी तो तास सोफ्यावर बसून काढला असता तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १७५. फोडणीत चार चमचे तेल जास्त पडलं की ती संपली. छोटा चमचा बरं, डावातला नव्हे.

आणखी एक गुंता आहे. टांझानियात हाडझा नावाचा समाज आजही बऱ्याच अंशी शिकार करून आणि कंदमुळं-मध गोळा करून जगतो. बाया-माणसं रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. २०१२ मध्ये आलेले निष्कर्ष असे, की शरीराचा आकार लक्षात घेतला तर हाडझांचा एकूण खर्च ऑफिसात बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकाच निघाला. पाँट्झर यांच्या मते, शारीरिक कष्ट खूप वाढले की शरीर इतर कामांवरचा खर्च आखडतं घेतं. या मताला किती व्याप्ती द्यायची यावर वाद आहे. मात्र व्यायाम दुप्पट केला म्हणून एकूण खर्च त्याच हिशेबाने वाढेलच, असं आता फारसं कुणी म्हणत नाही.

तर मग व्यायाम सोडून द्यायचा? इथेच 'बिगेस्ट लूजर'च्या कथेला वळण मिळतं.

त्याच १४ जणांची माहिती २०१७ मध्ये पुन्हा तपासली गेली. सहा वर्षांनी काहींनी बरंचसं वजन खाली ठेवलं होतं, काहींचं पूर्ण परत आलं होतं. दोन्ही गटांच्या खाण्यात फारसा फरक नव्हता. फरक होता हालचालीत. ज्यांनी वजन राखलं, त्यांची शारीरिक हालचाल शोच्या आधीपेक्षा १६० टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांचं परत आलं, त्यांची फक्त ३४ टक्क्यांनी. वजन राखायला रोज साधारण ८० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ३५ मिनिटं दमवणारा व्यायाम लागतो, असा अंदाज संशोधकांनी काढला.

अमेरिकेत १९९४ पासून चालू असलेली एक नोंदवही, 'नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री', हेच सांगते. किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची ती नोंद आहे. त्यातले बहुसंख्य लोक रोज तासभर व्यायाम करतात, तोही मुख्यतः चालण्याचा.

म्हणजे वजन उतरवताना जास्त वजनदार भूमिका ताटाची, आणि उतरलेलं राखताना पायांची. हॉल यांनी पुढे स्वतःच्याच आकडेवारीचा फेरविचार केला, तेव्हा आणखी एक मजेशीर गोष्ट मांडली. सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या स्पर्धकांचाच विश्रांतीचा खर्च जास्त घटला होता, आणि तरीही वजन राखण्यात तेच पुढे होते. त्यामुळे 'मेटाबॉलिझम स्लो झाला, आता काही होणार नाही' हा निष्कर्षही घाईचा ठरतो.

आपल्याकडचं वेगळेपण

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी. कपड्यांत बारीक दिसणारे पण पोट सुटलेले काका प्रत्येकाच्या नात्यात असतातच.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा खाली धरली जाते. २३ च्या पुढे जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. आणि म्हणूनच उपाशी राहून वजन पाडणं आपल्याला जास्त महागात पडू शकतं. खूप कमी खाल्लं की चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि ते आपल्याकडे मुळातच कमी असतात. डाळी, उसळी, दही, अंडी किंवा मासे यांतून पुरेसं प्रथिन आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा जोर-बैठकांसारखा व्यायाम, याने ही झीज आटोक्यात राहते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो हा वजन घटवण्याचा सुरक्षित वेग आहे, आणि आहार दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. सवय नसताना एकदम अति व्यायाम केल्यास स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर थेट दवाखाना गाठावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसंच गरोदर आणि स्तनदा मातांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण कमी करू नये.

काटा हलत नाही म्हणून निराश होणाऱ्यांसाठी एक भारतीय अभ्यास वाचण्यासारखा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर चेन्नईत झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहारात बदल आणि नियमित चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. विशेष म्हणजे या लोकांचं वजन फारसं घटलंच नव्हतं.

आणि ती इंजेक्शनं?

२०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोवी ही वजन घटवणारी औषधं भारतात आली आणि 'आता कशाला पळायचं' असा सूर लागला. ही औषधं भूक कमी करतात. त्यांचा परिणाम खरा आहे, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आहेत. वेगोवीमधलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. चाचणीत ते घेऊन वजन घटवलेल्या लोकांचं औषध बंद करून वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन तेवढ्यात परत आलं होतं.