घंटा आणि कुरण

डोंबिवलीच्या एका शाळेत मी पाचवीचा वर्ग घेत असे, तेव्हाची गोष्ट आहे. साल 1993. वर्गात मुले बासष्ट. अपूर्णांक सुरू केले की वर्गाचे आपोआप तीन भाग पडत. काहींना ते आधीच येत असत. ती बाकाखाली पाय हलवीत बसत. काही माझ्याबरोबर चालत. आणि राहिली, ज्यांचा भागाकारच कच्चा, ती नुसती फळ्याकडे बघत. मग मी एक उद्योग केला. बुटांची रिकामी खोकी जमवली, पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि सोप्यापासून अवघडापर्यंत गणिते लिहून ऐंशी कार्डे तयार केली. मागच्या बाजूला उत्तर. ज्याने त्याने आपले कार्ड घ्यावे, सोडवावे, स्वतःच तपासावे. जमले तर पुढचे, नाही तर त्याच जातीचे आणखी एक. कोणी कोणासाठी थांबायचे नाही आणि कोणी कोणामागे धावायचे नाही. मला वाटले, आपण काही नवेच काढले!

ते नवे मुळीच नव्हते. आपल्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूच्या बाजूला, दोन बायकांनी हाच प्रश्न माझ्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे हातात घेतला होता, आणि माझ्यापेक्षा किती तरी खोल नेला होता. आज त्यांच्याविषयीच बोलायचे आहे. पण त्यापूर्वी थोडे आणखी मागे जाऊ.

पंतोजींची जुनी शाळा आठवा. ओसरीवर नाही तर देवळात भरणारी. कोणी धूळपाटीवर अक्षरे गिरवतो आहे, कोणी पावकी-निमकी घोकतो आहे, कोणी मोडी वळण घटवतो आहे. सगळे एका जागी, पण प्रत्येकाचे काम निराळे. आज आपण मुलाला सहज विचारतो, 'कितवीत आहेस?' त्या पोराला हा प्रश्न कळलाच नसता. त्याला विचारावे लागले असते, 'कुठपर्यंत आलास?' मोठा मुलगा धाकट्याला गिरवून देई आणि पंतोजी अधूनमधून पाहत. ही पद्धत अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासेकडे पाहिली, आपल्या अनाथालयात वापरली आणि 1797 साली लंडनला तिच्यावर पुस्तक काढले. तिकडे तिचा मोठा गाजावाजा झाला. आणि आपल्याकडे? इंग्रजी अमदानीत इयत्ता आल्या, तास आले, ठोक्यावर घंटा आली. पंतोजींचे गोडवे गायचा माझा विचार नाही. छडी होतीच, मुली त्या ओसरीवर नव्हत्या, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांची मुले तर नव्हतीच. परंतु प्रत्येकाने आपापल्या चालीने शिकावे ही गोष्ट आपल्याला परकी नव्हती, एवढे खरे.

ती परत आली ती इटलीमार्गे. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत मारिया मॉंटेसरी या डॉक्टरीणबाईंनी बालगृह उघडले. त्यांचे एक साधन पाहा. लाकडी ठोकळ्यात लहानमोठी दहा भोके आणि त्यांत बरोबर बसणारे दहा दट्टे. मुलाने एक जरी चुकीच्या भोकात घातला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो कुठेच बसत नाही. 'चुकलास' असे बाईंनी म्हणायलाच नको, ठोकळा म्हणतो. मूल पुन्हा सगळे काढते, पुन्हा लावते. माझ्या कार्डामागचे उत्तर हीच युक्ती होती, पण किती ढोबळ! पहिल्याच आठवड्यात माझ्या निम्म्या वर्गाने आधी पाठ बघायची आणि मग पोट सोडवायचे असा रिवाज पाडला.

मॉंटेसरीबाईंचा विचार गुजरातेत नेऊन रुजवला गिजुभाई बधेका यांनी. हे मूळचे वकील. 1920 साली भावनगरला त्यांचे बालमंदिर सुरू झाले. 1923 साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि पुढे 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. ते नावारूपाला आले. दुसरे कोणी असते तर तिथेच स्थिरावले असते. ताराबाईंना मात्र एक गोष्ट बोचत होती. मॉंटेसरीबाईंनी सुरुवात केली होती मजुरांच्या पोरांपासून. आणि आपल्याकडे ती पद्धत येऊन बसली होती दादर-हिंदू कॉलनीच्या स्वच्छ सतरंजीवर. साहित्य महाग, जागा ऐसपैस, मुले आधीच न्हाऊमाखू घातलेली. ही पद्धत खेड्यात चालते का, याचा सोक्षमोक्ष लावायला ताराबाई 1945 साली बोर्डीला गेल्या. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते.

बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात. 1 ऑगस्ट 2014 पासून तो भाग पालघर जिल्ह्यात गेला. समुद्रकाठ, वाड्या, बागा आणि आत डोंगराकडे वारली पाडे. त्याच 1945 च्या उन्हाळ्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. तेव्हा कोणत्या मुलखात ही शाळा चालली होती, याची कल्पना यावी.

ताराबाईंबरोबर गेल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्षाच्या आत वैधव्य. पुढे त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या आणि नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. शाळेच्या ठरल्या वेळेत शिक्षण ज्यांना मिळाले नाही, अशांपैकीच त्या एक. मला नेहमी वाटते, पुढे जे घडले त्याचे मूळ इथे कुठे तरी असावे. माझा हा आपला तर्क.

बोर्डीत साहित्य बदलले. लाकडी दट्ट्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या. ते सोपे होते. कठीण होते ते पुढेच. शाळा मांडली, पण मुले येईनात. म्हणून शाळाच उठून वस्तीत गेली आणि कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. हीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ, नखे, केस, आणि मग खेळ. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज ते देशभर लोकांच्या तोंडी आहे.

1956-57 च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आता भोवती सगळे आदिवासी पाडे. तिथे कळले की मूल शाळेत येत नाही याला कारण आळस नव्हे, आवड नाही असेही नव्हे. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन असते. तिने शाळेत यावे तर भावाचे काय? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने भावाला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात बसावे. या योजनेला नाव दिले विकासवाडी. आणि मुलगा? तो गुरांमागे. मग शाळाच गुरांमागे गेली. जिथे गुरे चरतात तिथे शिक्षकाने जायचे. ही कुरणशाळा.

आता इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. ठरीव शाळेत सगळ्यांनी एकाच दिवशी एकच धडा शिकायचा असतो. लावणीच्या दिवसांत जो मुलगा आठ दिवस आला नाही, त्याचे आठ धडे बुडाले. नवव्या दिवशी तो येतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. तो दोन दिवस बावरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी येत नाही. आपण म्हणतो, गळती झाली. पण जो खड्यांनी मोजायला शिकतो आहे, ज्याचे काम त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्याचे त्या आठ दिवसांत काय बुडाले? काहीच नाही. सोडले होते तिथून तो उचलतो. 'आपापल्या गतीने शिकणे' हे शब्द ऐकले की आपल्यासमोर हुशार, सुखवस्तू मुलांची महागडी शाळा येते. कोसबादला ती चैन नव्हती. गुरे राखणाऱ्या मुलाला शिकायचेच असेल तर दुसरी कोणती वाट उरते? 

अनुताईंनी आपले आत्मचरित्र लिहिले आहे, 'कोसबादच्या टेकडीवरून'. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. अनुताई 1992 च्या सप्टेंबरात. माझी कार्डे तयार झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी, आणि पुस्तक माझ्या हाती आले तेही त्यानंतरच, हे माझे दुर्दैव. ते वाचले तेव्हा माझे कुठे चुकत होते ते ध्यानात आले. मी मुलांना गती दिली होती, पण वेळ दिला नव्हता. तास पस्तीस मिनिटांचा. कार्डे वाटण्यात सात मिनिटे, गोळा करण्यात पाच. मूल विचारात बुडते न बुडते तोच घंटा! मग मी शेजारच्या तासाच्या गुरुजींना गाठले, त्यांच्याशी अदलाबदल करून दोन तास जोडून घेतले. उत्तरे कार्डामागून काढून माझ्या टेबलावरच्या एका वहीत ठेवली. आणि पुढे गेलेल्या मुलांना मागच्यांजवळ बसवले, अगदी पंतोजींच्या थाटात. कलकलाट वाढला, पण कामाचा कलकलाट कानाला वेगळा लागतो.

बालशिक्षण हक्काचा 2009 चा कायदा शिक्षकाला सांगतो की प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहा आणि त्याप्रमाणे त्याला जादा शिकवा. मार्च 2020 पासून साथीमुळे शाळा बंद राहिल्या, आणि उघडल्या तेव्हा एकाच वर्गात अक्षर ओळखणारी, अक्षर विसरलेली आणि गोष्टीची पुस्तके वाचणारी मुले शेजारी शेजारी बसली होती. ज्या शिक्षकांनी तेव्हा मुलांचे गट पाडून प्रत्येकाला त्याच्या पायरीवरून उचलले, त्यांनी कोसबादचे नाव ऐकले असेल किंवा नसेलही.

माझ्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातून दोन दिवस आईबरोबर धुण्याभांड्याच्या कामाला जात असे. पूर्वी ती शाळेत आली तरी आल्यासारखी नसे. कार्डे सुरू झाल्यावर ती आली की सरळ खोक्याकडे जाई, आपले राहिलेले कार्ड काढी आणि कोणाशी न बोलता बसे. चौदाव्या कार्डावर ती तीन आठवडे होती. मी दोनदा तिच्यापाशी गेलो. तिसऱ्यांदा गेलो तर तिने कार्डावर हात ठेवला, म्हणजे सांगू नका. मार्चपर्यंत ती बत्तिसाव्या कार्डापर्यंत आली. वर्गातली पुष्कळ मुले तोवर साठाच्या पुढे होती.

वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका अर्थात सगळ्यांना एकच. मी तिचा पेपर तपासायला घेतला. बत्तिसाव्या कार्डापर्यंतचे जे जे त्यात होते ते सगळे तिने सोडवले होते, आणि त्यात एकही चूक नव्हती. पुढच्या गणितांना तिने हातच लावला नव्हता. जागा कोरी ठेवून फक्त प्रश्नाचा आकडा घातला होता. बेरीज केली. शंभरपैकी एकतीस. पस्तिसाच्या खालचा आकडा गुणपत्रकात लाल शाईने लिहायचा असे. तो मीच लिहिला.