परदेशी माणसांचे मिरज

जुन्या मराठीत ‘परदेशी’ म्हणजे केवळ गोरा साहेब नव्हे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत आलेल्या माणसालाही लोक परदेशीच म्हणत. या अर्थाने किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला परदेशी होते. १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना गावी त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या दरबारात त्यांनी चाकरी केली, पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. पण कायमचे घर केले ते मिरजेत. मोठी शहरे सोडून हेच गाव त्यांनी का निवडले असेल?

मिरज पटवर्धनांचे संस्थान होते आणि तिथे गाण्याची कदर होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ साली इथूनच बाहेर पडले. वाद्यांची तर ही पेठच. तलवारीचे दिवस सरल्यावर हत्यारांना धार लावणारे शिकलगार पोटासाठी नवा हुन्नर शोधू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंबोरे घडवायला घेतले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि मिरजेचे हात यांची जोडी जमली ती आजतागायत. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्यात मिरज रेल्वेचे जंक्शन. एका बाजूला पुणे-मुंबई, दुसऱ्या बाजूला बेळगाव-धारवाड आणि पुढे म्हैसूर. खाँसाहेबांचे श्रोते दोन्हीकडे होते. मराठी नाट्यपदे ध्वनिमुद्रित करणारा हा गवई कर्नाटक संगीतालाही तितक्याच आस्थेने कान देत असे. सीमेवरचे हे गाव त्यांच्या गाण्याला साजेसेच होते.

पण सोय म्हणजे आपलेपणा नव्हे. तो ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात मिळाला. या दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ज्याला इतरत्र उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, त्याला इथे अग्रमान. प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले आणि याच दर्ग्याच्या आसऱ्याने बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगितली जाते.

त्याच काळात आणखी एक परदेशी मिरजेत आला. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे मिशनचे रुग्णालय सुरू केले. उमेदीची सारी वर्षे मिरजेला देऊन उतारवयात ते अमेरिकेला गेले. खाँसाहेब मात्र परतले नाहीत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिट्टी दिली ती मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. कैराना मागे राहिले होते, मद्रासही परके होते. त्यांचे गाव कोणते, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

माणूस गाव निवडतो, तेव्हा गावानेही त्याला आपले म्हणावे लागते. मिरजेने ते केले म्हणून हिंदू-मुसलमान शिष्यांची रांग या घराण्यामागे उभी राहिली. मात्र याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात दंगल झाली, संचारबंदी लागली. शेजारी शेजाऱ्याला परदेशी वाटू लागला. तेव्हा परक्याला जागा देणे हे एकदा करून संपणारे काम नाही. दर उरुसाला दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ कलावंत हजेरी लावतात, रात्र रात्र गाणे चालते. शेजारी बसलेल्याची जात, धर्म, मुलूख न विचारता मिरजकर ते ऐकतात. ते काम तिथे अजून चालू आहे.