युद्धकैदी वैमानिक (1971, पश्चिम आघाडी)

शत्रूच्या हद्दीत विमान पाडले गेल्यावर जिवंत हाती लागलेले हवाई दलाचे वैमानिक. डिसेंबर 1971 च्या भारत-पाक युद्धात असे डझनभर भारतीय वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत एकत्र आले. त्यांतले काही जण सुखोई-7 चालवत. हे सोव्हिएत बनावटीचे, एका इंजिनाचे आणि एकाच वैमानिकाचे लढाऊ बॉम्बफेकी विमान. जमिनीलगत येऊन मारा करणे हे त्याचे काम, म्हणून विमानवेधी तोफांची झळही त्याला फार लागली.

पायदळातला जवान पकडला गेला तर पलटणीतल्या कोणी ना कोणी ते पाहिलेले असते. वैमानिक एकटाच खाली उतरतो, तोही परक्या मुलखात. जमावाच्या हाती लागला की लष्कराच्या, यावर पुष्कळसे ठरते. लष्कराच्या ताब्यात गेल्यावरही प्रश्न उरतो तो नोंदीचा. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवाक्रमांक एवढेच सांगायचे. पकडणाऱ्या देशाने त्याची नोंद करायची आणि छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवू द्यायचे. रेडक्रॉसच्या यादीत नाव चढले की त्या माणसाचा हिशोब कोणाला तरी द्यावाच लागतो.

या कैद्यांत महाराष्ट्राला सर्वाधिक ठाऊक असलेले नाव फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर यांचे. 1965 च्या युद्धात हाताला गोळी लागलेली असतानाही त्यांनी हंटर विमान तळावर परत आणले होते. 10 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे सुखोई पडले. कैद झालोच तर पळून येईन, असे ते युद्धाआधीच सांगून बसले होते.

ते त्यांनी खरे केले. मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे त्यांचे जोडीदार. विद्याधर चाटी आणि कामत यांनी तयारीत हात दिला, पण ते मागे राहिले. कोठडी क्रमांक 5 ची मागची भिंत रात्री-रात्री पोखरून 21 बाय 15 इंचांचे भोक पाडले गेले. अरुंद खांद्याचा माणूस तिरपा होऊन जेमतेम निसटेल, एवढीच जागा. महिन्याच्या भत्त्यातले पैसे साठवले, पठाणी कपडे मिळवले, सुई चुंबकावर घासून होकायंत्र बनवले. 12 ऑगस्ट 1972 च्या वादळी रात्री तिघे पलीकडच्या आवारात उतरले, चौकीदाराची पाठ फिरेपर्यंत थांबले आणि सिनेमाचा शेवटचा खेळ सुटलेल्या गर्दीत मिसळून गेले. पुढे बसने पेशावर, टांग्याने जमरूद, पुन्हा बसने लंडीकोटल. अफगाण सरहद्द तिथून चार मैल.

घात केला तो नकाशाने. तिघांनी बाजारात लंडीखान्याची वाट विचारली. खैबर घाटातली रेल्वे 1926 मध्ये तिथवर गेली होती, पण इंग्रजांनी 1932 मध्येच ते स्थानक बंद केले होते. चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या स्थानकाचा पत्ता विचारणारा माणूस स्थानिक असूच शकत नाही. तहसील कचेरीतल्या कारकुनाला वाटले, हे अफगाणिस्तानमार्गे बांगलादेशात सटकू पाहणारे बंगालीच, आणि तिघे पकडले गेले.

आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच लोक आहोत, अशी थाप तिघांनी मारली होती. टोळीवाल्यांच्या मुलखात बेवारस परका म्हणून जीव जायला वेळ लागला नसता. तेव्हा पारुळकरांनी सुटकेच्या प्रयत्नापेक्षाही मोठी गोष्ट केली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला (परिसहायकाला) फोन लावून द्या, असा त्यांनी हट्ट धरला. हे एडीसी म्हणजे छावणीचे आधीचे प्रमुख उस्मान हमीद. फोनवर ओळख पटली आणि तिघे पुन्हा नोंद असलेले कैदी झाले. करारानुसार पलायनाच्या प्रयत्नाला तीस दिवसांपर्यंतचीच शिस्तभंगाची शिक्षा देता येते.

पुढे कैद्यांना लायलपूरच्या (आताचे फैसलाबाद) तुरुंगात हलवले आणि 1 डिसेंबर 1972 रोजी ते वाघ्यावरून परतले. पारुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये पुण्याजवळ वारले.

ज्यांची अशी नोंद झालीच नाही, त्यांची गत वेगळी. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई 5 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानातल्या शोरकोटवर पडले. पकडलेल्या वैमानिकांची नावे पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्राने छापली, त्यांत ‘टॉम्बे’ असे एक नाव होते. कैद्यांच्या अधिकृत यादीत मात्र तांबे कधीच आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांना घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 1983 मध्ये काही नातेवाइकांना मुलतानचा तुरुंग, तर 2007 मध्ये चौदा जणांना पाकिस्तानातले अनेक तुरुंग पाहू दिले गेले. भारत सरकारच्या यादीत असे 54 जण आहेत. आपल्याकडे त्यांतले कोणीही नाही, हे पाकिस्तानचे उत्तर तेव्हापासून बदललेले नाही.