'ताजिक' : एका शब्दाचा प्रवास

वाशीच्या खाडीपुलावरून जाताना खालचे गढूळ पाणी आम्हांस एका फार जुन्या मोहिमेची आठवण करून देते. नवव्या शतकातील इतिहासकार अल-बलाझुरी लिहितो की, इ. स. ६३६ च्या सुमारास बहरीन-ओमानच्या अरब सुभेदाराने 'ताना'वर, म्हणजे आपल्या ठाण्यावर, आरमार धाडले. खलिफा उमर यांना ते रुचले नाही. माणसे समुद्रावर धोक्यात घातल्याबद्दल त्यांनी सुभेदाराची कडक कानउघाडणी केली. पैगंबरांच्या निधनाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती! इस्लामी संस्कृतीचा विस्तार शिकवताना आपण दमास्कस, बगदाद, कॉर्डोबा ही नावे घेतो. या खाडीचे नाव सहसा कुणी घेत नाही.

या किनाऱ्याने त्या आगंतुकांना कसे पाहिले, हे 'ताजिक' या एका शब्दावरून उमगते. पहलवीत अरबांना 'ताजीग' म्हणत, त्याचेच हे संस्कृत रूप. इ. स. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात हे ताजिक सैंधव, सौराष्ट्र, गुर्जर यांना तुडवीत येतात आणि चालुक्य पुलकेशी अवनिजनाश्रयाकडून पराभूत होतात. तेथे ताजिक म्हणजे शत्रू, दुसरे काही नाही.

आता पालघर जिल्ह्यातील चिंचणीचा शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, ताम्रपट पाहावा. मधे दोनशे वर्षेही गेलेली नाहीत. राष्ट्रकूट कृष्ण दुसरा याने संजान मंडल ज्याच्या हाती सोपवले, तो अधिकारी ताजिक कुळातला आहे. त्याचे नाव मधुमती. हा 'मुहम्मद' होय! (पित्याचे नाव 'सहियारहार', त्यामागचा 'शहरयार' फारसी वळणाचा आहे, तेव्हा ताजिक म्हणजे केवळ अरब असे धरून चालणे धाडसाचे.) या मधुमतीने नदीपार जाण्यासाठी विनामूल्य नावा ठेवल्या, भात, कालवण व तूप वाढणारे अन्नसत्र घातले, आणि इंद्र तिसरा याच्या संमतीने अण्णैया नामक ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेस भूमी दिली. ताम्रपटाच्या लेखकाने परके नाव गाळले नाही की विटाळले नाही. त्याला गोड संस्कृत अर्थ येईल असे वळवून घेतले. भाषांतराचा इतका सहज नमुना आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळला.

हा अपवाद म्हणावा, तर अल-मसूदीची साक्ष आहे. इ. स. ९१६ मध्ये तो 'सैमूर'ला, म्हणजे चौलला, आला. तेथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान दिसले : सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि 'बयासिरा' म्हणजे याच भूमीत जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवणारा 'हुनरमन' त्यांच्यातलाच असे, पण त्याची नेमणूक येथला राजा करी. व्यापारासाठी हे सारे सोसले गेले, असे कुणी म्हणेल. असेलही, परंतु देवीच्या मठिकेला दिलेल्या भूमीचा हिशेब व्यापारात बसत नाही.

पुढे हा शब्द आणखी एका घरात शिरला. वर्षफळ मांडणारे ज्योतिषी ज्या पद्धतीने गणित करतात तिचे नाव 'ताजिक'. नीलकंठाची 'ताजिकनीलकंठी' १५८७ सालची.