आजोबांचा सोमवार

परवा आत्याकडे आजोबांचा विषय निघाला. ते परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. करंगळी मशीनमध्ये गेली, तिची भरपाई मिळाली, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ. आत्या मात्र वेगळंच बोलून गेली, "अण्णांना सोमवारी फार धाप लागायची. आई म्हणायची, रविवारी भजनाला जागतात, दुसरं काय!"

हा सोमवार डोक्यातून जाईना. मग थोडं वाचलं.

आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१चा. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, धोक्याच्या यंत्रांना कठडे घालायचे, एवढंच. मोठ्यांच्या कामाच्या तासांना मर्यादा नव्हती.

१८८४ साली 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी मागितली होती, दुपारी अर्धा तास विश्रांतीही. आणखी एक मागणी वाचून मी थबकलोच: काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, कायमचा जायबंदी झाला तर पोटापाण्याची सोय करा.

सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ उजाडलं. अर्जानंतर तब्बल ३९ वर्षं! आजोबांच्या करंगळीचे पैसे त्याच कायद्याने मिळाले.

आणि धाप? कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कार्डिंगमध्ये ही धूळ सर्वांत जास्त. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. सुरुवातीला पुढच्या दिवसांत उतार पडतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पुढे हा आजार भरपाईच्या कायद्यातही आला. पण त्यासाठी आधी कुणीतरी छाती तपासायला हवी ना! तुटलेलं बोट मुकादमालाही दिसतं.

आजोबांना तेच होतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणी तपासलंच नाही. आजी मात्र शेवटपर्यंत भजनालाच बोल लावत राहिली, आणि आजोबांनी भजनाला जाणं सोडलं.

घरातल्या थोरांना विनंती, सोमवारचं अजून काही आठवत असेल तर कळवा. लिहून ठेवायचंय.